आडनाव

शनिवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही म्हणून वही काढली.

वरच्या दोन खोल्या रिकाम्या होऊन महिना झाला. फाटकाला ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लावलीय. आज दुपारी एक मुलगी बघायला आली. पंचवीस-सव्वीसची असेल, दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपवून तशीच आलेली, पायात पांढरे बूट. तिने नळ सोडून पाहिला, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, गच्चीत जाऊन अजिंक्यताऱ्याकडे बघत जरा वेळ उभी राहिली. भाड्यावरून घासाघीस केली नाही. रात्रपाळी असली की यायला उशीर होईल, फाटकाची एक किल्ली मिळेल ना, एवढंच म्हणाली. मला ती आवडली. मनातल्या मनात मी होकार देऊनही टाकला होता.

मग नाव विचारलं. तिने नुसतं नाव सांगितलं.

“आणि आडनाव?”

करारासाठी आडनाव लागतंच, असं मी स्वतःला सांगू शकते. पण त्यासाठी लागणारं आधार कार्ड तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं, वरून दिसत होतं. ते मी मागितलं नाही. तोंडाने विचारलं. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं निघालं. त्यावरून काही कळेना. म्हणून मूळ गाव विचारलं. खटाव तालुक्यातलं. तर मी पुढे, “हो का? तिकडं आमचे पाहुणे आहेत. गावात कुठल्या आळीला घर तुमचं?”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“काकू, सरळ विचारा ना. आम्ही बौद्ध आहोत.”

आवाजात राग नव्हता. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. याआधीही किती जिन्यांवर तिला हे सांगावं लागलं असेल.

आणि मी म्हणाले, “अगं, मला काही नाही त्याचं. पण खाली आई असते, तिचं जरा जुन्या वळणाचं…” वाक्य तिथेच राहिलं. ‘कळवते’ म्हणाले. ती ‘बरं’ म्हणून जिना उतरली. जाताना फाटकाची कडीही नीट लावून गेली.

आई तेव्हा आत झोपली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रविवार

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मी चोवीस वर्षं शिकवतेय. 2017 पासून 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, आणि आमच्या शाळेत त्या दिवशीचं भाषण माझ्याकडे असतं. 1900 साली याच तारखेला भीमराव साताऱ्यातल्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर त्यांचं नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. मुलांना मी सांगते की ते रजिस्टर आपल्याच गावात आहे, याचा अभिमान बाळगा. हे सांगताना दरवर्षी माझा गळा दाटून येतो. तो खरंच दाटून येतो, म्हणूनच कालचं समजत नाहीये.

मोठ्या वर्गांना मी बडोद्याचंही सांगते. 1917 साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. ते दोन मित्रांकडे गेले. त्यातला हिंदू मित्र काय म्हणाला, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तर माझे नोकर निघून जातील, असं तो म्हणाला. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते तिथल्या बागेत बसून राहिले.

त्या मित्राबद्दल मी मुलांना विचारत आलेय, “अडचण खरंच नोकरांची होती का रे?” मुलं एका सुरात ‘नाही’ म्हणतात.

काल त्याच्या नोकरांच्या जागी मी माझ्या आईला उभं केलं.

दुपारी आई लसूण सोलत बसली होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, “मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

तिने दोन-तीन पाकळ्या सोलल्या. “कुणास ठाऊक,” म्हणाली. मग जरा वेळाने, “पण माझ्या नावावर नको खपवूस.”

‘कुणास ठाऊक’ हे तिचं उत्तर मला माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा खरं वाटलं.

मागच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, नऊ दिवस दवाखान्यात होती. एक नर्स तिचं अंग पुसायची, भांडं द्यायची, केस विंचरून सैलशी वेणीही घालायची. तिला आम्ही पहिल्या नावानेच हाक मारायचो. तिचं आडनाव मला आजही माहीत नाही. तेव्हा विचारावंसं वाटलंच नव्हतं. आपलं अडलं होतं. काल जागा माझी होती, किल्ली माझ्या हातात होती, आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्या तोंडून तो प्रश्न आला. हे मी कुठे शिकले ते आठवून पाहिलं. कुणी शिकवल्याचं आठवत नाही. पाहुणा आला की आजोबा ओटीवर बसून ‘कुठले म्हणायचे आपण?’ विचारायचे, तोच सूर काल माझ्या गळ्यातून निघाला. मी तो ओळखला, पण ती निघून गेल्यावर.

मंगळवार

फोन केला. दोन दिवस हातात घेऊन ठेवत होते. म्हटलं, “माझं चुकलं. मी आईचं नाव पुढे केलं, तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. जे होतं ते माझ्या मनात होतं. खोल्या हव्या असतील तर उद्याच ये राहायला.”

ती लगेच काही बोलली नाही. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“फोन केलात ते बरं वाटलं, काकू. पण नको. रोज त्याच जिन्याने चढायचं म्हणजे मला तेच आठवणार.”

आग्रह करावासा वाटत होता. नाही केला. माझं मन हलकं करायला तिने जिना चढावा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? “आजींना जपा,” म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी पाटी वाचून आणखी एकाचा फोन आला. बँकेत लागलेला मुलगा. नमस्कार झाल्या झाल्या त्याने आपणहून आडनाव सांगितलं, मग नाव, मग गाव, मग आमचे कोण कोण ओळखीचे आहेत ते. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.