कपाशी दाट लावायची की पातळ?

आमच्या विदर्भात पावसाच्या भरवशावरच्या हलक्या रानात चार बाय दोन फुटावर कपाशी लावली की एकरी साडेपाच हजारही झाडं बसत नाहीत, झाड तिथं फार वाढत पण नाही, मग दोन तासांमधली (ओळींमधली) जागा नुसती तणाला जाते. तीन फुटावर तास अन् अर्ध्या फुटावर झाड धरलं की तीच संख्या २९ हजारांवर जाते, एका झाडाला आठ-दहाच बोंडं लागली तरी चालतं अन् सगळी जवळजवळ एकदमच फुटतात, म्हणजे फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेलं पीक) न ठेवता रान मोकळं, गुलाबी बोंडअळीलाही तेवढा कमी वेळ मिळतो. पण भारी काळ्या जमिनीत हे डोळे झाकून करू नका बरं! तिथं गळफांद्या (नुसत्या पाल्यानं वाढणाऱ्या खालच्या फांद्या) माजतात, खाली ऊन-वारा पोचत नाही, पाते (फुलांच्या कळ्या) गळतात, बोंडं सडतात. वाढ रोखायला मेपिक्वाट क्लोराईड वेळेवर मारावंच लागतं, अन् बियाण्याचा खर्चही आधी धरा.