किलोकॅलरीवरून मोटारीचे एचपी काढताना

द्राक्षाच्या प्री-कूलिंगसाठी (तोडणीनंतर लगेच माल थंड करण्यासाठी) किंवा छोट्या शीतगृहासाठी कोटेशन मागवले की त्यात यंत्राची क्षमता कोणी किलोकॅलरी प्रतितास, कोणी बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक) प्रतितास, तर कोणी टन अशी लिहून देतो. वीजजोडणीच्या अर्जात मात्र भार किलोवॅट किंवा एचपीमध्ये (अश्वशक्तीत) भरावा लागतो, आणि डीपीवर (गावच्या वीज रोहित्रावर) किती ताण येणार हे शेतकऱ्याला एचपीतच समजून घ्यायचे असते. त्यामुळे ‘एवढ्या किलोकॅलरीला किती एचपीची मोटार लागेल?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. एकक बदलण्याच्या कोष्टकातला एक आकडा घेऊन भागाकार केला की उत्तर मिळते, असा समज सर्वत्र आहे. तो आकडा बरोबर असूनही उत्तर कसे चुकते, हे मला सविस्तर मांडावेसे वाटते.

आधी आकडे पाहू. एक एचपी म्हणजे 746 वॅट, आणि एक किलोवॅट म्हणजे ताशी 860 किलोकॅलरी. म्हणून एक एचपी म्हणजे ताशी सुमारे 641 किलोकॅलरी किंवा 2,544 बीटीयू. युरोपीय बनावटीच्या यंत्रांवर कधी कधी मेट्रिक अश्वशक्ती असते, ती 735.5 वॅटची, म्हणजे ताशी 632 किलोकॅलरींची. हा फरक दीड टक्क्याच्या आतला असल्याने मोटार निवडताना सोडून दिला तरी चालतो. बॉयलरच्या अश्वशक्तीचे मात्र तसे नाही. ती ताशी 33,475 बीटीयू, म्हणजे मोटारीच्या एका एचपीच्या तेरापटीहून अधिक असते, आणि जुन्या बॉयलरच्या कागदपत्रांत दिसणारी ही अश्वशक्ती मोटारीच्या एचपीबरोबर कधीही मिसळू नये. राहिला टन. 2,000 पौंड बर्फ शून्य अंशावर चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढण्याचा वेग म्हणजे एक टन: ताशी 12,000 बीटीयू, 3,024 किलोकॅलरी किंवा 3.517 किलोवॅट. ट्रकच्या टनाशी त्याचा काही संबंध नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, 5,000 किलो द्राक्षे सहा तासांत 25 अंशांनी थंड करायची आहेत. द्राक्षाची विशिष्ट उष्णता किलोमागे दर अंशाला सुमारे 0.86 किलोकॅलरी धरली, तर एकूण 1,07,500 किलोकॅलरी काढाव्या लागतील, म्हणजे ताशी सुमारे 17,900. खोलीत हवा फिरवणारे दीड किलोवॅटचे दोन पंखे असतील, तर मोटारींची कार्यक्षमता 85 टक्के धरून त्यांची आणखी 3,000 किलोकॅलरी उष्णता तासाला खोलीतच पडते. भिंती, दार आणि माणसे यांच्यासाठी तेवढीच जागा ठेवली, तर एकूण भार ताशी सुमारे 24,000 किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ आठ टन होतो.

या 24,000 ला 641 ने भागले की 37 एचपी येतात. एवढी मोटार बसवली तर ती गरजेच्या तिप्पट होईल. कारण पंख्याची मोटार खोलीत उष्णता निर्माण करते, म्हणून तिच्या बाबतीत हा भागाकार खरा ठरतो; कॉम्प्रेसर मात्र उष्णता निर्माण करण्यासाठी नसून ती एका ठिकाणाहून उपसून दुसरीकडे टाकण्यासाठी असतो. विहिरीवरची मोटार किती एचपीची हवी हे जसे पाण्याइतकेच विहिरीच्या खोलीवर ठरते, तसे येथे उष्णता किती अंशांवरून उचलून किती अंशांवर टाकायची यावर ठरते. काढलेली उष्णता भागिले कॉम्प्रेसरला दिलेली शक्ती, या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. आपल्या उदाहरणात ते 3 धरले, तर 27.9 किलोवॅट उष्णता काढायला 9.3 किलोवॅट, म्हणजे साडेबारा एचपी पुरतात. त्याच्या वरची प्रमाणित मोटार 15 एचपीची, म्हणजे 11 किलोवॅटची. टनाच्या भाषेत सांगायचे तर 4.72 ला सीओपीने भागले की टनामागे लागणारे एचपी मिळतात. ‘टनाला एक एचपी’ हा बाजारातला ठोकताळा सीओपी पावणेपाचच्या आसपास असेल तरच खरा ठरतो, आणि प्री-कूलिंगच्या तापमानाला तो धरणे मला धोक्याचे वाटते.

सीओपी कायम एकच राहत नाही, आणि नाशिक किंवा सांगलीच्या भागात हंगामच मार्च-एप्रिलच्या उन्हात येत असल्याने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. यंत्रात फिरणारा शीतक पदार्थ उणे 8 अंशांवर उकळतो आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, 40 अंशांवर द्रव होतो असे धरले, तर आदर्श यंत्राचा सीओपी 5.5 येतो, कंडेन्सरचे तापमान 50 अंशांवर गेले की तो 4.6 वर उतरतो. प्रत्यक्ष यंत्राचा सीओपी याहून बराच कमी असतो, पण घसरण त्याच दिशेने होते. म्हणजे तेवढ्याच द्राक्षांसाठी मोटारीवरचा भार किमान पाचव्या हिश्शाने वाढतो. साडेबाराचे पंधरा एचपी होतात आणि मोटारीत शिल्लक काहीच उरत नाही. अशा ठिकाणी मी 20 एचपीचीच शिफारस करतो.

मोटारीच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टवर (मोटारीच्या फिरत्या दांड्यावर) मिळणारे असतात, तारेतून ओढले जाणारे नव्हेत. कार्यक्षमता 91 टक्के असेल, तर 9.3 किलोवॅटसाठी सुमारे 10.2 किलोवॅट वीज लागते, म्हणजे तासाला 10.2 युनिट.

कंडेन्सर निवडताना तर उलटी चूक होते. खोलीतून काढलेले 27.9 किलोवॅट आणि कॉम्प्रेसरने त्यात भरलेले 9.3 किलोवॅट, दोन्ही बाहेर टाकावे लागतात. ही बेरीज 37.2 किलोवॅट, म्हणजे ताशी सुमारे 32,000 किलोकॅलरी होते. जो 24,000 चाच कंडेन्सर लावतो, त्याच्या कंडेन्सरचे तापमान चढते, सीओपी घसरतो आणि मोटार तापू लागते. मग दोष व्होल्टेजला दिला जातो.

म्हणून कोटेशन घेताना क्षमतेच्या आकड्याशेजारी ती कोणत्या बाष्पीभवन तापमानाला आणि कोणत्या कंडेन्सिंग तापमानाला मिळते, आणि त्या वेळी शाफ्टवर किती किलोवॅट लागतात, हे लेखी मागावे.