बाईकचं हेल्मेट कारमधे चालतंय काय?

पाऊस लागला की बेळगावात ज्याच्याकडं थार नाहीतर जिमनी आहे तो रविवारी सकाळी जांबोटी-कणकुंबीकडं सुटलेला असतो, चिखलात गाडी घालायची, अडकवायची, मग दोरी लावून ओढायची आणि वर फोटो टाकायचे. त्यातलेच काहीजण आता ट्रॅकचं पण बोलालैत. परवा खानापूरच्या मावसभावाचा फोन, "दादा, कोइमतूरला करी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर जायचं ठरलंय, हेल्मेट कुठलं घेऊ सांग की. तसं बाईकचं आहे माझ्याकडं, आयएसआय आहे, नवंच आहे." हाच प्रश्न आमच्या ग्रुपवर पण सारखा येतो आणि उत्तर ठरलेलं, "महागातलं घे मर्दा". म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया.

किंमत नंतर बघा. आधी हे बघा की तुमचं डोकं आपटणार कशावर. बाईकवरनं पडलं की माणूस रस्त्यावर आपटतो आणि पुढं घसरत जातो, बाईकचं हेल्मेट त्या हिशोबानं बनवलेलं असतं. कारमधे रोल केज, म्हणजे आत बसवलेला लोखंडी पाईपांचा पिंजरा असला की तुम्ही बेल्टनं बांधलेले, गाडी उलटली की डोकं त्याच लोखंडी पाईपवर परत परत जाऊन आदळणार, आणि वर पेट्रोलची आग लागायची भीती आहेच. आता आयएसआय म्हणजे आयएस ४१५१, ते दुचाकीवाल्यांसाठी आहे, १ जून २०२१ पासून त्या मार्काशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. स्टिकरखाली सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर घालून बघा, रस्त्याकडेला टांगून विकतात त्यातल्या किती हेल्मेटांचा नंबर खरा निघतो ते तुम्हालाच कळेल. पण नंबर खरा असला तरी आगीची टेस्ट त्यात नाही आणि रोल केजवर आपटायचा विचार पण नाही. युरोपचं ईसीई २२.०६ बाईकसाठी चांगलंच आहे, डोकं पिळवटणाऱ्या माराची टेस्ट त्यात आली, तरी तेपण बाईकचंच. अमेरिकेच्या डॉटमधे तर कंपनीच आपणहून सांगते की आमचं हेल्मेट पास आहे, आधी कुठून मंजुरी घ्यावी लागत नाही, त्यामुळं नुसत्या डॉटच्या स्टिकरवर मी तरी पैसे टाकणार नाही.

कारसाठी बघायचं ते अमेरिकेतल्या स्नेल संस्थेचं एसए रेटिंग. पीट स्नेल नावाचा एक ड्रायव्हर १९५६ मधे रेसमधे डोक्याला मार लागून गेला, पुढच्या वर्षी त्याच्या माणसांनी ही संस्था काढली. त्यांच्याकडं बाईकला एम, कार्टिंगला के आणि कारला एसए. एसएमधे रोल बारवर, म्हणजे केजच्या पाईपसारख्या दांड्यावर, परत परत आपटून बघतात, वर आगीची टेस्ट आहे. के म्हणजे साधारण तेच पण आगीची टेस्ट नाही, म्हणजे तुम्ही कोल्हापूरला मोहितेंच्या ट्रॅकवर कार्ट पळवायला जाणार असाल तर के भरपूर झालं. स्टिकर बाहेरनं चिकटवलेला बघून फसू नका, तो आतल्या कापडाखाली असतो. अस्तर थोडं उचलून बोट घालून बघा, एसए २०२० असं साल धरून लिहिलेलं सापडायला पाहिजे. दर पाच वर्षांनी नवं येतंय, एसए २०२५ वाली हेल्मेटं ऑक्टोबर २०२५ पासून निघालीत, बऱ्याच ठिकाणी चालू आणि त्याच्या आधीचं असं दोन्ही चालतं, म्हणून कोण २०१५ चं स्वस्तात देतोय म्हणून उडी मारू नका. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिचं ८८५९ असलं तरी उत्तम. आपल्याकडची मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआय, तिच्या इव्हेंटला जाणार असाल तर आधी त्यांचे नियम मागवून वाचा, मग पैसे काढा.

एसए हेल्मेटच्या दोन्ही बाजूला एम६ चे स्क्रू बसायची भोकं असतात, ती हान्स लावायला. हान्स म्हणजे खांद्यावर बसणारा कॉलर, तो पट्ट्यांनी हेल्मेटला अडकवायचा. समोरनं गाडी ठोकली की अंग बेल्टनं जागेवर राहतं आणि डोकं तेवढं पुढं झेपावतं, कवटीचा बुडखाच तुटतो. २००१ मधे अमेरिकेत डेटोनाच्या रेसला डेल अर्नहार्ट हा ड्रायव्हर असाच गेला, त्यानंतर त्याच वर्षी तिथली रेस भरवणाऱ्या नासकारनं असली वस्तू सक्तीची केली, फॉर्म्युला वनमधे २००३ ला आली. पण हान्स रेसिंग बेल्टच्या खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्यांखाली दाबून बसतो, गाडीच्या साध्या तीन पॉईंट बेल्टवर त्याचा उपयोग नाही.

आता माझं मत, कोणाला पटो न पटो. बंद टपाची थार घेऊन चोर्ल्याच्या बाजूला पहिल्या गियरमधे रांगत जाणाऱ्याला हेल्मेट घालायची काही गरज नाही, बेल्ट लावा आणि मागं मोकळी फिरणारी जॅकची पेटी बांधून ठेवा, तीच उडून डोक्यात बसती. वर वजन चढवून साध्या बेल्टवर मानेलाच त्रास. गाडी उघडी असेल, रोल केज लावलाय, वेळेची स्पर्धा आहे, मग मात्र एसएच, आणि तेही फुल फेस, कारण तोंडावर दगड आणि फांद्या येतात. केजच्या पाईपवर डोक्याजवळ जाड कडक फोम लावा. एसी पाईपवरचा मऊ फोम गुंडाळून फोटो काढणारे आहेत आपल्यात, तो बोटानं दाबला की सरळ पाईपच लागतो. आणि मोटोक्रॉसवाली टोपीसारखी झडप पुढं आलेली हेल्मेटं कारमधे नको, टपाला आणि केजला अडकतात, मान वळवताना वैताग.

माप घ्यायला घरातली शिंप्याची टेप चालती. भुवईच्या बोटभर वरनं मागच्या उंचवट्यावरनं फिरवा, दोन-तीनदा घ्या आणि मोठं माप धरा. घातल्यावर गाल दाबले पाहिजेत, बोलताना गालाचं मांस दातात आलं तरी घाबरू नका, आतलं पॅड थोडं दबतंय नंतर. कपाळावर मात्र एकाच जागी टोचायला नको. टोचत असेल तर डोक्याचा आकार जुळत नाही, दुसरा ब्रँड बघा, कोणाचं डोकं गोल असतंय, कोणाचं लांबट. पट्टा बांधा, मागची कड धरून कोणाला तरी वर आणि पुढं ओढायला लावा, डोक्यावरनं निघालं तर एक साईझ कमी. वीस-पंचवीस मिनिटं घालून बसा दुकानात, दुकानदार बघू दे काय बघायचं ते.

बेळगावात एसए मला तरी कुठं दिसलं नाही, मागवावंच लागतंय. कोणी जाणकार "सेकंडहँड आहे, एकदाच पडलंय" म्हणून द्यायला आला तर घेऊ नका, आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, वरनं चकचकीत दिसलं तरी. कॅम्पातल्या पेंटरकडं नेऊन स्प्रे पण मारून घेऊ नका, थिनर पॉलीकार्बोनेटला खातो. मावसभावाला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "आणि दादा, काळी काच घेऊ की पांढरी?" पांढरी घे रे बाबा, अँटिफॉगवाली, ट्रॅकला चालेल आणि पावसाळ्यात कणकुंबीच्या झाडीत दुपारी चारलाच अंधार असतो तिथं पण चालेल.