एक टिक जास्त

काल रात्री चित्र काढलं नाही, कॅलेंडरवर टिक मात्र केली.

एवढंच. यात लिहून ठेवण्यासारखं काही नाही हे मलाही कळतंय, पण सकाळपासून तीच एक टिक डोळ्यांसमोर येतेय. बाकीच्या खुणा कशा घाईत ओढलेल्या, शेपूट भलतीकडे गेलेलं, दोन-तीन तर शेजारच्या चौकोनात घुसलेल्या. कालची मात्र चौकोनाच्या मधोमध, सावकाश, दाबून काढलेली. पान उलटून पाहिलं तर मागे उमटलीय. खोट्या सह्या करणारे असेच पकडले जात असतील, फार नीट केल्यामुळे.

स्केचबुकात हात ६१, कॅलेंडरवर खुणा ६२. (रोज डावा हातच काढायचा असं ठरवलंय, कारण तो कायम हाताशी असतो. हा विनोद पहिल्याच दिवशी करून झाला, घरात कुणी हसलं नाही.)

मी फसवलं तरी कुणाला? कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून लावलेलं, मी सोडून तिथे कुणी बघत नाही. ‘दमले होते’ असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. दमले नव्हते. मोबाइल बघत लोळत होते. साडेअकराला उठले. टेबलावर पेन आणि पेन्सिल शेजारी शेजारी होती. पेन उचललं.

आरंभशूर हा शब्द माझ्यासाठीच केलेला असावा. पळायचे बूट, तो गिटारचा क्लास, पहाटे पाचचा गजर, सगळ्यांची सुरुवात काय थाटात झाली होती! या वेळी मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. पन्नाशीपर्यंत माणसं काढता यावीत, बघणाऱ्याला ओळखू येतील अशी, एवढंच मागणं होतं. कुणाचा चेहरा काढायचाय ते इथेही लिहीत नाही. चार वर्षं हातात आहेत आणि बासष्टाव्या दिवशी मी स्वतःच्याच हजेरीपटावर खोटी हजेरी लावली. माझ्यासारखीने असल्या भानगडीत पडूच नये.

खरं तर घोळ त्या ६६ आकड्याचा आहे. २१ दिवसांत सवय लागते यावर माझा विश्वास कधीच नव्हता. ते मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचं निरीक्षण, १९६० सालचं. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात असं त्याला दिसलं होतं. पुढे तो चेहरा गळला, ‘किमान’ही गळलं, आकडा राहिला. आपले ‘नव्याचे नऊ दिवस’ त्यापेक्षा प्रामाणिक, निदान सुटण्याची तारीख तरी सांगतात. पण ६६ मला पटला होता. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांना घेऊन केलेला अभ्यास, २०१० मध्ये छापून आलेला. एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८, कुणाला २५४. मी आपली सरासरी धरून बसले. चारच दिवस राहिले होते. गंमत म्हणजे तो अभ्यासच १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा. २५४ कुणी मोजलेलेच नाहीत, गणिताने पुढे ओढलेला अंदाज आहे. तो २५४वाला मला आज फार जवळचा वाटतोय.

आणि त्याच अभ्यासात हेही आहे की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे मी वाचलेलं होतं! पेन्सिलीने खाली रेघ मारलीय, माझीच. म्हणजे जो गुन्हा माफच होता तो मी लपवला.

दुपारी भांडी लावताना एक गोष्ट लक्षात आली आणि एकटीच हसले. चित्राचं माझं ठरलेलं असं, की जेवणं झाली, टेबल पुसलं, की त्याच ओल्या टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर वही उघडायची. ‘हे झालं की ते’ अशी गाठ बांधून ठेवली की ठरवलेली गोष्ट पार पडायची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्येच मांडलंय. ६१ दिवस माझ्या बाबतीत ते खरंही ठरलं. काल टेबल धाकटीने पुसलं. न सांगता. मी किती कौतुक केलं तिचं! आणि फडकं हातात आलं नाही म्हणून पेन्सिलही आली नाही. तिला हे सांगण्यात अर्थ नाही. हल्ली ती बरीच कामं न सांगता करते, जायच्या आधी करतात तशी. ते राहू दे.

टिक करण्याची गाठ मात्र कपाटाशी आहे. रात्री कपाट लावलं की टिक. कपाट काही धाकटी लावत नाही, त्यामुळे ती खूण बिनचूक झाली. म्हणजे दोन महिन्यांत सवय लागली, पण ती टिक करायची. हात आपोआप गेला म्हणायला किती सोयीचं आहे! पण आपोआप गेलेला हात इतकं दाबून लिहीत नाही. परत तिथेच आले.

आज टेबल स्वच्छ होतं तरी मी पुन्हा पुसलं. धाकटी बघत होती, काही बोलली नाही. मग हात काढला. बोटं बरी आलीत, अंगठा नेहमीसारखा बटाट्यासारखा. पण करंगळीशेजारची ती सुरकुती, हात किंचित वळवला की दुमडते ती, पहिल्यांदाच जशी दिसते तशी उतरली. तिच्यापायी दहाऐवजी पंचवीस मिनिटं गेली.

आजचा धरून वहीत हात ६२ झाले. कॅलेंडरवरही ६२च आहेत. आज टिक केली नाही तर हिशेब जुळतो.

कपाट अजून उघडंच आहे.