मेटल कुठलं घ्यायचं, खरी मजा त्यात आहे

ऑर्गॅनिक सिंथेसिसमधे, म्हणजे कार्बनचे रेणू घडवण्यात, सगळ्यात जास्त जीव कशात रमतो विचाराल तर ऑर्गॅनोमेटॅलिक रिएजंट्समधे, म्हणजे कार्बन थेट धातूला जोडलेल्या रसायनांमधे. ब्रोमीन लागलेला कार्बन एरवी इलेक्ट्रॉनसाठी भुकेला असतो, दुसऱ्याने येऊन त्याच्यावर हल्ला करायचा, पण मधे मॅग्नेशियम शिरलं की तोच कार्बन उलटतो आणि स्वतःच कार्बोनिलवर (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधावर) तुटून पडतो! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ग्रिग्नार्डने हे १९०० साली दाखवलं, १९१२ चं नोबेल त्यासाठीच.

करताना मात्र घाई नको. फ्लास्क कोरडा ठणठणीत, मॅग्नेशियम टर्निंग्ज (धातूचा कीस), कोरडा ईथर, आयोडीनचा एक कण, आणि ब्रोमाइड आधी थोडासाच. मग आयोडीनचा तपकिरी रंग उडतो, धातूवर बारीक बुडबुडे येतात, द्रावण गढूळ राखाडी होतं आणि ईथर आपोआप उकळायला लागतो. हे दिसल्याशिवाय उरलेला ब्रोमाइड घालायचा नाही म्हणजे नाही, कारण सगळा माल आत पडलेला असताना रिअ‍ॅक्शन उशिरा पेटली तर ती उष्णता बर्फालाही आवरत नाही.

आता एस्टरपासून कीटोन (दोन्ही कार्बोनिलवालेच) हवाय आणि तुम्ही सरळ ग्रिग्नार्ड, म्हणजे वरचा मॅग्नेशियमचा रिएजंट, घातला तर मिळतं टर्शरी अल्कोहोल (OH च्या कार्बनला तीन कार्बन जोडलेलं), कारण मधे तयार होणारा कीटोन एस्टरपेक्षा जास्त रिअ‍ॅक्टिव्ह, त्यामुळे ग्रिग्नार्डचा दुसरा रेणू लगेच त्याच्यावर जातो. इथे एस्टरऐवजी वाइनरेब अमाइड (नायट्रोजनवर मेथॉक्सी, म्हणजे OCH₃, असलेलं अमाइड) कामाला येतं. त्यातला मेथॉक्सीचा ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून ठेवतो, इंटरमीजिएट तसाच थांबतो, आणि अ‍ॅसिड वर्कअप केलं (शेवटी अ‍ॅसिड घातलं) की मगच कीटोन बाहेर येतो. मला तरी ही सगळ्या विषयातली सर्वात देखणी युक्ती वाटते.

ईनोनवर (कार्बोनिलला लागूनच कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या कीटोनवर) लिथियम रिएजंट बहुतेक वेळा थेट कार्बोनिलवर जातो, तोच कॉपरबरोबर गिलमन क्युप्रेट करून घातला तर त्या दुहेरी बंधाच्या टोकाच्या कार्बनवर, म्हणजे ऑक्सिजनपासून मोजलं तर १,४. झिंक तर इतकं शांत की रेणूत एस्टर असला तरी त्याला हात लावत नाही, नेगिशी कपलिंगमधे (पॅलेडियम वापरून दोन कार्बन जोडण्याच्या रिअ‍ॅक्शनमधे) त्याचाच फायदा.

आणि हो, ब्युटिललिथियमची उघडलेली बाटली वापरणार असाल तर लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका, टायट्रेट करा, म्हणजे खरी तीव्रता मोजून घ्या. डायफिनाइल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड वजन करून कोरड्या टीएचएफमधे (टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात) घ्यायचं, आर्गॉनखाली त्यात ब्युटिललिथियम थेंब थेंब सोडायचं, पिवळा रंग टिकला की थांबायचं.