तुम्ही विचारलंत म्हणून: धडधड थांबायची वाट बघू का?

"मी मुळातच अबोल. टीम लीड व्हायचंय, पण मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की छाती धडधडते. ध्यान केलं तर हे जाईल का?" शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. धडधड पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. ती असतानाही बोलता येतं, आणि ध्यानाचा खरा उपयोग तिथेच होतो.

अंतर्मुख माणूस गर्दीत दमतो. घाबरलेला माणूस 'लोक काय म्हणतील' याने अडतो. तुमचं नेमकं काय होतंय ते असं ओळखा: मीटिंग रद्द झाली की नुसतं हायसं वाटतं, की आपला मुद्दा राहून गेल्याची चुटपुटही लागते? चुटपुट लागत असेल तर तुम्हाला भीती अडवतेय, स्वभाव नाही. स्वभावाला विश्रांती जरूर द्या. मोठ्या मीटिंगनंतरची 20 मिनिटं कॅलेंडरमध्ये मोकळी ठेवा. भीतीचं मात्र उलटं आहे. बोलणं टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी टाळायची ओढ आणखी वाढते.

ध्यानाचा सराव रोज 10 मिनिटं पुरे, पण वेळ ठरलेली हवी. खुर्चीत बसा, तळपाय जमिनीला टेकवा. 4 अंक मोजत श्वास आत, 6 अंक मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण 6 श्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. दोनेक मिनिटांनी मोजणं सोडा आणि श्वास नुसता बघा. मन भरकटलं की परत या. हे परत येणं हाच व्यायाम. अनेकजण छाती भरभरून, भराभर श्वास घेतात. मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुप्पट होते. श्वास हलकाच ठेवा. दुसरी चूक म्हणजे दर मिनिटाला 'गेली का भीती?' असं तपासणं. तपासलं की ती हजर. डोळे मिटून अस्वस्थ वाटत असेल तर उघडे ठेवा, नजर जमिनीवर.

मीटिंगच्या दिवशी पहिलं वाक्य शब्दशः लिहून न्या आणि पहिल्या 10 मिनिटांत बोलून टाका. उशीर केला की मनात तालीमच चालू राहते, समोरचं काही ऐकू येत नाही. पाळी आली की तळपायांचा स्पर्श जाणवू द्या, शरीरात जे होतंय ते मनात म्हणा, "छातीत धडधड, हात गार", आणि बोला. स्वतःला "शांत हो" म्हणू नका. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं.

इगतपुरीला 10 दिवसांच्या विपश्यना शिबिराला जावं का, हेही विचारतात. शिबिर गंभीर आहे, दिवसाला साधारण 10 तास बसावं लागतं. सध्या पॅनिक अटॅक येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. शिवाय तिथे मौन पाळायचं असतं, आणि अबोल माणसाला ते फारसं जड जात नाही. पण बोलण्याचा सराव बोलूनच होतो.

झोप उडाली असेल, कामावर जाणंच टाळलं जात असेल, तर नुसत्या ध्यानावर विसंबू नका. समुपदेशकाला भेटा, किंवा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.