आईची कवळी सैल का झाली

परवा पंचवटीतल्या घरी जेवताना आईची कवळी पुन्हा घसरली. ५ वर्षांपूर्वी अगदी घट्ट बसायची. मला वाटलं, कवळीच झिजली. पण झिजलं होतं जबड्याचं हाड! दात गेले की त्यांना धरून ठेवणारा हाडाचा उंचवटा हळूहळू कमी होत जातो. मग ओठ आत ओढले जातात, हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. डोळ्यांच्या खोबणीही वयानुसार रुंदावतात, गालांतली चरबी विरळ होऊन खाली उतरते. आणि आपण मात्र सुरकुत्याच मोजत बसतो.

रामकुंडावर काढलेला तिचा १९८४ चा फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. कपाळावरचं गोंदण तेवढं जागच्या जागी. कितीतरी वेळ बघत राहिले.

सोमवारी नव्या कवळीचं माप द्यायचंय. तोवर भाकरी दुधात कुस्करून.